यकृताची शस्त्रक्रिया : काळीज पुन्हा भरून येण्यासाठी घरच्यांनी काय करायचं

सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी पेनाने एकच आकडा गोल केला होता : २६ टक्के. अण्णांच्या मोठ्या आतड्यातली गाठ आधीच काढली होती, किमोथेरपीही झाली होती. आता यकृताच्या उजव्या बाजूला पसरलेल्या गाठी काढायच्या होत्या आणि उजवा भाग काढला की मागे उरणार होतं ते एकूण यकृताच्या २६ टक्के. "एवढ्यावर माणूस जगतो का हो?" आईने विचारलं. "यकृत धडधाकट असेल तर जगतो. पण यांची किमो झालेली आहे, मला निदान तीस हवेत," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी नाशिकला परत येताना, कसारा घाट चढेपर्यंत गाडीत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली. पुढच्या काही महिन्यांत त्या वहीत वजनं, रिपोर्ट, जेवणाच्या वेळा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असं सगळं साठत गेलं. हा लेख त्या वहीतून, नंतर केलेल्या वाचनातून आणि डॉक्टर-आहारतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलेल्या उत्तरांतून लिहिला आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्या आणि डोस यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण रोज ताटात काय वाढायचं, कोणता काढा नको म्हणायचा, रात्री दोन वाजता फोन करायचा की सकाळची वाट बघायची, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

यकृत वाढतं म्हणजे नेमकं काय होतं

आपण धाडसाच्या अर्थाने ज्याला काळीज म्हणतो ते बहुतेकांना हृदय वाटतं. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की जे मिळतं ते यकृत. प्रौढ माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. १९५७ साली फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी त्याचे आठ भाग मांडले. प्रत्येक भागाला स्वतःची रक्तवाहिनी आणि पित्तनलिका असते. सर्जन काही भाग काढून बाकीचे सुखरूप ठेवू शकतात ते यामुळेच.

कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही. पालीच्या शेपटीसारखं हे होत नाही. उरलेला भागच फुगत, भरत जातो, त्यातल्या पेशी विभागून वाढतात आणि शरीराला लागेल तेवढा आकार झाला की थांबतात. मूळचा घाट परत येत नाही, काम परत येतं. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तर आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास भरून आलं. माणसात वाढीचा मोठा झपाटा पहिल्या दोन आठवड्यांत असतो, मग वेग मंदावतो आणि पुढची भर काही महिने चालू राहते.

आतड्यातून अन्नरस घेऊन येणारी पोर्टल शीर यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पुरवते. यकृत लहान झालं तरी ते सगळं रक्त उरलेल्या भागातूनच जातं. हा वाढलेला ओघ आणि त्याबरोबर येणारं इन्सुलिन, अन्नरस आणि इतर संदेश, यांतूनच पेशींना वाढीचा इशारा मिळतो. माणसात हा वेग वाढवतं असं सिद्ध झालेलं एकही टॉनिक नाही. वाढ यकृत स्वतःच करतं. दारू, जंतुसंसर्ग, कुपोषण, तुंबलेलं पित्त, नको ती औषधं या अडथळ्यांमुळे ती खुंटते. ते अडथळे दूर करणं आणि वाढीला माल पुरवणं, एवढं आपल्या हातात असतं.

पहिलं पाऊल : मागे किती उरणार, हे विचारा

शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी हा प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहा. सीटीवरून उरणाऱ्या यकृताचं आकारमान मोजता येतं. ढोबळ हिशेब असा : यकृत निरोगी असेल तर २० ते २५ टक्के, बरीच किमो झालेली असेल किंवा चरबी साठलेली असेल तर ३० टक्के आणि सिरोसिस, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालेलं, असेल तर ४० टक्के मागे उरायला हवं. आकाराइतकंच त्याचं काम महत्त्वाचं. त्यासाठी बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), प्लेटलेट, काही ठिकाणी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) किंवा शिरेतून हिरवं रंगद्रव्य देऊन ते किती वेगाने साफ होतं याची चाचणी करतात. हिपॅटायटिस बी आणि सी तपासले का, हेही विचारा. बी आढळला तर शस्त्रक्रियेआधीच गोळ्या सुरू करतात.

आकडा कमी पडला म्हणजे दार बंद झालं असं नाही. १९८०च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी एक युक्ती रुळवली. जो भाग काढायचा आहे त्याकडे जाणारी पोर्टल शिरेची फांदी सुईवाटे आतून बुजवायची. रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि तो भाग शस्त्रक्रियेआधीच वाढायला लागतो. याला पोर्टल शिरेचं एम्बोलायझेशन म्हणतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे थांबून पुन्हा सीटी करतात. अण्णांचं पाच आठवड्यांनी केलं, तर २६ चे ३५ झाले होते. आई तो रिपोर्ट घेऊन काळारामाला जाऊन आली.

हे थांबणं घरच्यांना फार जड जातं. "गाठ आत आहे आणि आपण बसून आहोत" असं सारखं वाटतं. पण दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात : उरणारा भाग वाढतोय का आणि किती वेगाने वाढतोय. इतके आठवडे थांबूनही जो भाग जेमतेम हलतो, तो शस्त्रक्रियेनंतरही अडचणीत येण्याची भीती असते. म्हणून या आठवड्यांना मी परीक्षेचेच आठवडे म्हणेन.

किमोनंतरही साधारण चार ते सहा आठवड्यांची मोकळीक देतात, किमोसोबत बेव्हासिझुमॅब नावाचं औषध घेतलं असेल तर थोडी जास्त. कावीळ असेल, पित्त तुंबलेलं असेल तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी बऱ्याचदा स्टेंट किंवा नळीने ते वाट काढून देतात, कारण तुंबलेलं यकृत नीट वाढत नाही.

कुठे करायची

नाशिकमध्ये तपासण्या, किमो, आतड्याच्या शस्त्रक्रिया, आयसीयू यांची सोय आता चांगली आहे. यकृताचा छोटा तुकडा काढायचा असेल तर इथेही होतं. पण मोठा भाग काढायचा असेल, तर मुंबई-पुण्याचं मत घ्यायला संकोच करू नका. कुठेही गेलात तरी चार प्रश्न विचारा : तुमच्याकडे वर्षाला यकृताच्या किती मोठ्या शस्त्रक्रिया होतात? सीटीवर आकारमान मोजता का? एम्बोलायझेशन करणारे रेडिओलॉजिस्ट इथेच आहेत का? रात्री गुंतागुंत झाली तर कोण येतं? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत.

खर्चाचा विचार पहिल्याच दिवशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि ती शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. नंतर कागद जुळवताना फार धावपळ होते.

आधीचे चार-सहा आठवडे

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, आणि नेमका हाच काळ लोक "शस्त्रक्रिया होऊ दे, मग बघू" म्हणून घालवतात.

*काढे आणि चूर्णं.* आमच्या घरची चूक आधी सांगते. नात्यातल्या एका मावशींनी मायेपोटी गुळवेलीचा काढा सांगितला आणि अण्णा रोज सकाळी तो घेत होते. मला माहीत नव्हतं, त्यांनाही ते "औषध" वाटत नव्हतं. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारे आकडे) चढलेले निघाले आणि तारीख पुढे गेली. काढा बंद केला, तीन आठवड्यांनी आकडे खाली आले. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवलेले आहेत. अश्वगंधा आणि ग्रीन टीचा अर्क असलेल्या कॅप्सूल यांबद्दलही अशा नोंदी आहेत. ज्यांना या वनस्पती लाभल्या त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण यकृत कापायच्या आधी आणि ते भरून येत असताना प्रयोग नकोत. कावीळ उतरवायची माळ घातल्याने अपाय होत नाही, मात्र तिच्या भरवशावर दवाखाना लांबवला तर नक्की होतो. नाकात थेंब टाकायचे झाडपाल्याचे उपाय तर अजिबात नकोत. घरात काय काय घेतलं जातंय ते डब्यांसकट डॉक्टरांसमोर ठेवा.

*दारू.* निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद आणि नंतर डॉक्टर सांगेपर्यंत बंदच. आपल्याकडे द्राक्षाच्या बागा आणि वायनरी असल्याने "वाइन चालते, ती फळाचीच असते" असं सहज म्हटलं जातं. यकृताला बाटलीचं लेबल कळत नाही, अल्कोहोल कळतं. मात्र जो माणूस रोज भरपूर पितो त्याची एका दिवसात बंद करू नका. हात थरथरणं, भ्रम, फिट येणं असे जिवावरचे प्रकार होऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेटही याच वेळी सोडायची. जखम भरणं आणि फुप्फुसं, दोन्ही ती सोडण्यावर अवलंबून आहेत.

*जेवण.* यकृताच्या रुग्णाला "हलकं" द्यायचं म्हणून पेज, उसाचा रस आणि उकडलेल्या भाज्यांवर ठेवायची आपली रीत आहे. शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाचं ती नुकसान करते. नव्या पेशी प्रथिनांतून बनतात. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३० ते ३५ कॅलरी, हा आहारतज्ज्ञांचा हिशेब. अण्णांचं वजन ६२ किलो, म्हणजे ७५ ते ९३ ग्रॅम प्रथिनं. आमचा एक दिवस असा जमला : दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम), दोन पेले दूध (१३), दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ (१४), ५० ग्रॅम पनीर (९), वाटीभर दही (५), चार पोळ्या किंवा भाकऱ्या (१२), मूठभर शेंगदाणे (७) आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी (१५). बेरीज ८७. मांसाहार चालत असेल तर १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमधूनच २५ ग्रॅमच्या वर मिळतात. बाजरी, ज्वारी, पेठ-सुरगाण्याकडची नागली, सगळं चालतं. पोटात पाणी झालेलं असेल तर मीठ कमी करायचं, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण आणि मिसळीवरची शेव बाजूला.

वजन जास्त आणि फॅटी लिव्हर असेल तर हिशेब वेगळा. काही सर्जन शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतात, त्याने यकृतातली चरबी उतरते. पण हे त्यांच्या सांगण्यावरूनच. वजन घटत चाललेल्या कर्करुग्णाला कुणीही उपास सांगू नये, संकष्टी-एकादशीचाही. अण्णांनी आयुष्यभर केलेली एकादशी मोडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईने त्या दिवशी देवापुढे नैवेद्य ठेवून तोच त्यांना वाढला.

*झोपण्याआधीचा घास.* हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरला जाणारा उपाय. आजारी यकृतात साखरेचा साठा कमी असतो. रात्री आठला जेवून सकाळी नऊला चहा घेतला तर मधल्या तासांत शरीर स्नायू जाळतं. म्हणून झोपताना ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात हवीत : दूध, एक केळं आणि एक पोळी, किंवा वाटीभर नाचणीचं सत्त्व दुधात. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

*चालणं.* अण्णा आधी कृषीनगरच्या ट्रॅकवर एक फेरी मारून बसायचे. रोज पाच-पाच मिनिटं वाढवत महिन्याभरात चाळीस मिनिटांवर आले. दम लागेल पण बोलता येईल, एवढा वेग. दोन जिने न थांबता चढता येऊ लागले की सर्जनना कळवा, त्यांनाही बरं वाटतं. याच दिवसांत तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आणून श्वास आत ओढायचा सराव करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर टाके दुखत असताना ते नव्याने शिकणं कठीण जातं.

*चालू गोळ्या.* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लावून ठरवा. साखरेच्या काही नव्या गोळ्याही तीन-चार दिवस आधी थांबवतात. मनाने काही थांबवू नका, मनाने काही चालूही ठेवू नका.

रुग्णालयातले दिवस

आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी ठेवायची पद्धत मागे पडते आहे. साधारणपणे सहा तास आधीपर्यंत हलकं अन्न आणि दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ पातळ पदार्थ चालतात. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा.

नंतर शक्य तितक्या लवकर तोंडाने खाणं सुरू करतात, बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी घोट-घोट. आतड्यातून अन्न गेलं तर पोर्टल शिरेतून यकृताला त्याचा वाटा मिळतो, सलाईनने तसं होत नाही. भूक नसते, तोंड कडू असतं, पोट लगेच भरतं. दोन-दोन तासांनी चार घास असं चालू ठेवा. पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवणं, मग खुर्ची, मग वॉर्डातली फेरी. न चालणाऱ्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. यकृताचे आकडे बिघडलेले असले तरी ती होते, म्हणून गुठळी टाळायला पोटावर देतात ती इंजेक्शनं "कशाला" म्हणून नाकारू नका.

आता रिपोर्ट. पहिल्या एक-दोन दिवसांत एसजीओटी, एसजीपीटी शेकड्यात जातात. मी ते बघून रडले होते. कापाकापीनंतर ते चढतातच आणि मग उतरतात. लक्ष ठेवायचं ते बिलिरुबिन आणि आयएनआरवर. सुरुवातीला तेही वाढतात, पण पाचव्या दिवसापर्यंत उतरणीला लागायला हवेत. पाचव्या दिवशी बिलिरुबिन तीनच्या आसपास किंवा वर आणि आयएनआर १.७ च्या वर, असे दोन्ही एकत्र असतील तर डॉक्टर फार सावध होतात. फॉस्फेटही बघतात. यकृत वाढायला लागलं की रक्तातलं फॉस्फेट घटतं, ते खूप खाली गेलं तर शिरेतून द्यावं लागतं. अल्ब्युमिन हळू हलतं, आठवडाभरात वाढलं नाही म्हणून हताश होऊ नका.

घरी आल्यावर

दुसऱ्या गावात शस्त्रक्रिया झाली असेल तर सुट्टी मिळाल्यावर लगेच घाट ओलांडू नका. आम्ही रुग्णालयाजवळ एका ओळखीच्यांकडे दहा दिवस राहिलो. ताप आला तर अर्ध्या तासात पोचता येणं फार मोलाचं असतं. नाशिकला परतण्याआधी इथले एक फिजिशियन ठरवून त्यांना सगळी फाइल दाखवून ठेवा.

जेवणाचा हिशेब तोच, पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाणी उकळून, विशेषतः पावसाळ्यात, कारण दूषित पाण्यातून येणारी कावीळ या काळात परवडणारी नाही. फळं खूप धुऊन. बाहेरची चटणी, उघड्यावरचा रस, कच्चं अंडं नको. सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. पाण्याची बादली आणि नातू दोन्ही त्यात आले. नातवाला मांडीवर द्यायचं, उचलू द्यायचं नाही.

दुखणं सहन करून पडून राहिल्याने श्वास उथळ होतो, त्यामुळे वेदनेची गोळी घ्यावी. पण ती ठरवून दिलेलीच. पॅरासिटामॉलची दिवसाची मर्यादा यकृताच्या रुग्णाला बऱ्याचदा दोन ग्रॅमवर आणतात, आणि सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

रोज सकाळी वहीत चार नोंदी : वजन, ताप, लघवी-शौचाचा रंग आणि रुग्णाची सही. सही का? यकृत मागे पडलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि अक्षर बिघडणं ही त्याची घरी दिसणारी एक लवकरची खूण. अण्णा बँकेत होते. त्यांची सही चाळीस वर्षं एका वळणाची. ती रोज तशीच उमटली की घरात चहा टाकला जायचा.

सकाळची वाट न बघता फोन करायचा तो असा

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर किंवा थंडी वाजून हुडहुडी. डोळे पिवळे होणं, लघवी गडद, शौच मातकट पांढरी. पोट फुगणं किंवा दिवसाला किलोभर वजन वाढणं. दिवसा गुंगी आणि रात्री टक्क जागं, असंबद्ध बोलणं, हात पुढे केल्यावर पंज्यांची फडफड. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी. एका पायाला सूज, अचानक दम. ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) घरी आणला असेल तर त्यात हिरवट-पिवळं पित्त किंवा लाल रक्त वाढणं. यातलं एकही दिसलं तर "थोडा वेळ बघू" नको. अपरात्री उगाच फोन केल्याबद्दल आम्हाला एकदाही कुणी बोललं नाही.

ज्यांनी आपलं यकृत दिलं आहे त्यांच्यासाठी

घरात कुणी प्रत्यारोपणासाठी यकृताचा भाग दान केला असेल तर लोकांचं सगळं लक्ष घेणाऱ्याकडे असतं. देणाऱ्यानेही मोठी शस्त्रक्रिया सोसलेली असते, कधी निम्म्याहून अधिक यकृत दिलेलं असतं. त्याच्या ताटाचा, झोपेचा, वजन न उचलण्याचा हिशेब अगदी हाच. पूर्वी निरोगी असल्याने तो लवकर कामाला लागू पाहतो. त्याला थोपवा. त्याच्याही तपासण्यांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा, नाहीतर त्या हुकतात.

तीन महिन्यांनी आणि पुढे

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सीटी किंवा सोनोग्राफी करतात. तोवर यकृत बरंचसं भरलेलं असतं, बाकीची भर वर्षभरात सावकाश पडते. थकवा मात्र रिपोर्टपेक्षा जास्त काळ टिकतो, दुपारी झोप लागली तर लागू द्या. हिपॅटायटिस ए आणि बीची लस घ्यायची का हे या भेटीत विचारा.

आणि एक कार्ड बनवा. पाकिटात मावेल एवढं : कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, यकृताचा कोणता भाग काढला, चालू गोळ्या, सर्जनचा फोन. दाताच्या डॉक्टरकडे, डोळ्याच्या शस्त्रक्रियेला, साध्या तापालाही ते आधी पुढे करायचं, कारण बहुतेक औषधांचा निचरा यकृतातून होतो आणि समोरच्या डॉक्टरांना पोटावरचा व्रण शर्टाखाली दिसत नाही. अण्णांचं कार्ड त्यांच्या खिशात पंचवटी एक्सप्रेसच्या जुन्या पासच्या प्लास्टिक पाकिटात असतं.